जुना ट्रॅक्टर, नवा नियम आणि गाझियाबादचे खादर

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील जुन्या वाहनांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ या एकाच वर्षात दोन महत्त्वाचे आदेश दिले. १२ ऑगस्ट रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, केवळ वय उलटले या कारणास्तव दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल वाहनांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. १७ डिसेंबर रोजी या संरक्षणाला मर्यादा घालण्यात आली. ते भारत स्टेज चार आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरतेच राहील, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वृत्तपत्रांतून या दोन्ही आदेशांची चर्चा प्रामुख्याने मोटारगाड्यांच्या अंगाने झाली. दिल्लीच्या सीमेला लागून असलेल्या गाझियाबाद जिल्ह्यात मात्र या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती शेताच्या बांधावर उभी आहे. ती म्हणजे जुना ट्रॅक्टर.

गाझियाबाद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती, कारखाने आणि आता नमो भारत रेल्वे येते. साहिबाबाद ते दुहाई या तिच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. परंतु याच जिल्ह्यात मोदीनगर आणि लोणी हे दोन तालुके आहेत, मुरादनगरजवळून गंगेचा वरचा कालवा जातो आणि मोदीनगरच्या साखर कारखान्याला ऊस पुरवणारी गावे अद्याप शेतीच करतात. यमुनेच्या काठाला, लोणीच्या बाजूस, पुराच्या पाण्याने दरवर्षी नवा गाळ मिळणारी जमीन आहे. तिला तिकडे ‘खादर’ म्हणतात. पुरापासून सुरक्षित असलेल्या उंच जुन्या जमिनीला ‘बांगर’. आपल्याकडे नदीकाठच्या मळईच्या जमिनीची जी प्रकृती, जवळपास तीच खादरची. वाफसा लवकर येत नाही, आला तर टिकत नाही, आणि ओल्या जमिनीत यंत्र घातले तर ते रुतते.

या रुतण्यावरूनच ट्रॅक्टरच्या इतिहासातील एक जुना वाद सुरू झाला होता.

चेनचा ट्रॅक्टर

इंग्रजीत ज्याला क्रॉलर ट्रॅक्टर म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे, हा भाषांतर करणाऱ्यांपुढचा नेहमीचा पेच आहे. शब्दकोशाच्या आधाराने ‘सरपटता ट्रॅक्टर’ असे लिहिता येईल, पण ते वाचून कोणालाही काही बोध होणार नाही. शेतकरी त्याला सरळ ‘चेनचा ट्रॅक्टर’ म्हणतो, आणि त्याच जातीच्या खोदाई यंत्राला ‘पोकलेन’. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. ते आता मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे. या लेखातही चेनचा ट्रॅक्टर हाच शब्द वापरला आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॉकटनजवळच्या दलदलीच्या शेतांत अवजड वाफेची यंत्रे रुतून बसत. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने त्यावर अनेक उपाय केले. प्रथम चाके रुंद केली, मग आणखी रुंद केली. अखेर नोव्हेंबर १९०४ मध्ये त्याने चाके काढून त्या जागी फिरते पट्टे बसवले. यंत्र स्वतःचा रस्ता स्वतःच अंथरत पुढे जाऊ लागले. इंग्लंडमध्येही साधारण त्याच सुमारास असे प्रयोग झाले. पहिल्या महायुद्धातील रणगाड्यामागे हीच कल्पना होती. १९२५ साली होल्टची कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी बेस्ट कंपनी यांचे विलीनीकरण होऊन कॅटरपिलर ही कंपनी उभी राहिली.

भारतात हा ट्रॅक्टर मोठ्या संख्येने आला तो मात्र शेतकऱ्याने मागितला म्हणून नव्हे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची बरीच अवजड यंत्रे येथेच राहिली होती. फाळणीनंतर अन्नधान्याची टंचाई होती, लाखो निर्वासितांना जमीन द्यायची होती, आणि दुसरीकडे उत्तर व मध्य भारतात लाखो एकर जमीन कांस नावाच्या गवताखाली पडीक होती. कांसाची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला ती दाद देत नाहीत. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी यांनी शेतकऱ्याला जसे जेरीस आणले, तशीच ही गोष्ट. युद्धातून उरलेले चेनचे ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन ही यंत्रणा उभी केली. तिच्यासाठी नवी यंत्रे आणण्यासाठी सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जागतिक बँकेने भारताला दिलेले हे दुसरेच कर्ज होते. पहिले रेल्वेसाठी होते. स्वतंत्र भारताने जागतिक संस्थेकडून घेतलेल्या अगदी आरंभीच्या कर्जांपैकी एक गवत उपटण्यासाठी होते, हे आज वाचताना नवल वाटते.

या कामाचे एक क्षेत्र गाझियाबादला अगदी लागून होते. १९७६ पर्यंत गाझियाबाद हा स्वतंत्र जिल्हा नव्हताच, तो मेरठ जिल्ह्याचा भाग होता. त्या मेरठ जिल्ह्यात हस्तिनापूरच्या बाजूला गंगेचे खादर आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच उत्तर प्रदेश सरकारने तेथे वसाहतीची योजना हाती घेतली, यंत्राने जमीन फोडली आणि निर्वासित कुटुंबांना ती कसण्यासाठी दिली. नैनितालच्या तराईतही असेच झाले. १५ ऑगस्ट १९५६ रोजी राजस्थानात सुरतगड येथे केंद्र सरकारचे यांत्रिक शेत सुरू झाले. त्याची यंत्रसामग्री सोव्हिएत संघाने भेट दिली होती. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. देशात ट्रॅक्टरची अधिकृत चाचणी आजही तेथील संस्थेत होते.

म्हणजे चेनच्या ट्रॅक्टरने भारतात जे काम केले ते शेती करण्याचे नव्हते. शेतीसाठी जमीन तयार करण्याचे होते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पुढे चाकाचा ट्रॅक्टर का जिंकला याचे उत्तर त्यातच आहे.

वजन आणि दाब

प्रथम चेनच्या बाजूचा युक्तिवाद पाहू. त्या काळच्या मध्यम आकाराच्या चेनच्या ट्रॅक्टरचे वजन दहा ते अकरा टन असे. एवढे धूड शेतात घातले तर माती दगडासारखी होईल, असे कोणालाही वाटेल. परंतु ढोबळ हिशेब करून पाहावा. प्रत्येक पट्टा अर्धा मीटर रुंद आणि सुमारे २ मीटर ४० सेंटिमीटर जमिनीला टेकलेला, असे धरले तर दोन्ही पट्ट्यांचे मिळून २४ हजार चौरस सेंटिमीटर क्षेत्र होते. अकरा टन वजन त्यावर विभागले तर दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोपेक्षाही कमी दाब येतो. आजच्या चाकांच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते, म्हणजे पाचव्या हिश्श्याएवढे. पण टायरखालचा दाब साधारणपणे टायरमधील हवेच्या दाबाएवढा असतो, म्हणजे एक किलोच्या जवळपास, आणि ट्रॉली ओढण्यासाठी हवा अधिक भरली असेल तर त्याहूनही जास्त. चालत्या बैलाच्या खुराखालचा दाबसुद्धा एक किलोहून अधिक भरतो. चेनचा ट्रॅक्टर त्या मानाने जमिनीवर हळुवार पाऊल टाकतो, असे म्हणावे लागेल.

दुसरा मुद्दा ओढशक्तीचा. मऊ जमिनीत मागील दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर इंजिनाची बरीचशी शक्ती चाके जागच्या जागी फिरवण्यात घालवतो. डिझेल जळते, काम होत नाही. पट्ट्यांची पकड लांब असल्यामुळे घसरण फार कमी होते.

तरीही या हिशेबावरून लगेच निष्कर्ष काढणे योग्य नाही. वरच्या थरातील दाब हा स्पर्शक्षेत्रावर अवलंबून असतो हे खरे, पण खालच्या थरात, एक-दीड फुटाच्या पलीकडे, माती किती दबते हे एकूण वजनावर आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवर किती भार येतो यावर ठरते. तेथे अकरा टन ते अकरा टनच. शिवाय पट्ट्याखाली दाब सर्वत्र सारखा नसतो. आतल्या रोलरच्या खाली तो जास्त असतो. दाबाचा सरासरी आकडा जाहिरातीत शोभतो, मातीला तो तसाच्या तसा लागू पडत नाही.

आणि गंगा-यमुनेच्या गाळात चेनचा खरा शत्रू निराळाच आहे. तो म्हणजे वाळू. पट्ट्याच्या कड्या पोलादी पिनांनी जोडलेल्या असतात. बारीक वाळू त्या सांध्यांत शिरली की कानशीसारखे काम करते. चेनच्या यंत्राच्या देखभाल खर्चाचा जवळपास निम्मा भाग खालच्या पट्टा-रोलर-पिना यांवर होतो, असे या व्यवसायात मानले जाते. सरकारी यंत्रणेच्या कार्यशाळेत हा खर्च निघून जाई. दोन-चार एकरांच्या मालकाला तो कसा परवडावा?

चाक का जिंकले

चाकाच्या विजयाचे श्रेय बहुधा रबरी टायरला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याने ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांची हायड्रॉलिक जोडणी विकसित केली आणि १९३९ मध्ये ती फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर बाजारात आली. तोपर्यंत ट्रॅक्टर म्हणजे बैलाच्या जागी जुंपलेले इंजिन होते. नांगर मागून ओढला जाई. या जोडणीमुळे अवजार ट्रॅक्टरचाच अवयव झाले. चालक आसनावर बसून ते उचलू, खाली टाकू लागला. लहान व हलका ट्रॅक्टर मोठे काम करू लागला, आणि अवजड वजनाची गरजच कमी झाली.

भारतात आयशर कंपनीने एप्रिल १९५९ मध्ये फरिदाबाद येथे देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर तयार केला. पुढील दोन दशकांत अनेक कंपन्या आल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यात खुद्द गाझियाबाद परिसरात हर्षा या नावाने, सोव्हिएत आराखड्यावरचा २५ अश्वशक्तीचा चाकांचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. तो उद्योग फार काळ टिकला नाही. मात्र सोव्हिएत संघाने १९५६ मध्ये सुरतगडच्या विस्तीर्ण सरकारी शेतासाठी यंत्रसामग्री दिली आणि वीस वर्षांनंतर लहान शेतकऱ्यासाठी दोन सिलिंडरच्या छोट्या ट्रॅक्टरचा आराखडा दिला, यात भारतीय शेतीच्या धोरणाचा बदललेला कल स्पष्ट दिसतो. १९५१ मध्ये देशात सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते. अलीकडच्या वर्षांत देशांतर्गत बाजारात दरवर्षी नऊ लाखांच्या आसपास नवे ट्रॅक्टर विकले जातात.

पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वर्षभर काय करतो, हे पाहिले म्हणजे चेनला तेथे जागा का उरली नाही ते कळते. तो नांगरतो, रोटाव्हेटर फिरवतो, गव्हाचे मळणी यंत्र चालवतो, वीज नसेल तेव्हा पंप चालवतो. २००१ च्या सुमारास याच भागात लेझरच्या साहाय्याने जमीन सपाट करण्याचे तंत्र आले आणि भाड्याने ते काम करणारे ट्रॅक्टर गावोगाव फिरू लागले. आणि हिवाळा सुरू झाला की सर्वांत मोठे काम असते उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर नेण्याचे. हे काम डांबरी रस्त्यावरचे आहे. पोलादी पट्ट्यांचे यंत्र रस्त्यावर आणले तर रस्ता उखडतो. ते एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे तर मालमोटारीवर चढवावे लागते. थोडक्यात, ज्या यंत्राने सकाळी नांगरावे, दुपारी बाजाराला जावे आणि रात्री वरातीलाही उपयोगी पडावे, ते चाकावरच असले पाहिजे.

कायद्यानेही चाकालाच मान्यता दिली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार कृषी ट्रॅक्टर म्हणजे शेतीची विविध अवजारे चालवण्यासाठी आणि शेतमालाच्या ट्रेलरसाठी बनवलेले, यंत्राने चालणारे चार चाकी वाहन, आणि ते वाहतूक वाहन नव्हे. चेनच्या ट्रॅक्टरचा या व्याख्येत समावेशच होत नाही. कांस उपटून ज्याने जमीन दिली, तो नियमांच्या पुस्तकात ट्रॅक्टर ठरला नाही.

चाकाच्या विजयाची किंमत मात्र मातीने मोजली आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर रोटाव्हेटर आणि कल्टिव्हेटर फिरल्यामुळे नांगरटीच्या खाली तव्यासारखा कठीण थर तयार होतो. भाताची चिखलणी जेथे होते तेथे तो अधिक घट्ट असतो. भाताला तो पाणी धरून ठेवण्यासाठी हवाच असतो, पण त्याच शेतात नंतर गहू पेरला की मुळे त्या थरावर अडतात. उसाच्या शेतात भरलेली ट्रॉली ओल्या सरीतून बाहेर काढली जाते आणि खोडव्याच्या बुंध्याजवळची माती कित्येक टनांखाली दबते. दोष ट्रॅक्टरपेक्षा ट्रॉलीच्या अरुंद, कडक टायरांचा अधिक आहे. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. हा थर फोडण्यासाठी पुन्हा अधिक शक्तीचे यंत्र आणि सबसॉयलर लागतो. भाड्याने मिळाला तर बरे, नाही तर राहून जाते.

वयाची मोजपट्टी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांवर बंदी घातली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्याच महिन्याच्या २ तारखेला, गांधी जयंतीच्या दिवशी, हरिद्वारहून निघालेली भारतीय किसान युनियनची किसान क्रांती यात्रा गाझियाबाद-दिल्ली सीमेवर अडवण्यात आली होती. उसाची थकबाकी, कर्जमाफी यांच्या जोडीला दहा वर्षांच्या अटीतून ट्रॅक्टरला वगळावे, ही त्या यात्रेची एक मागणी होती. दोन वर्षांनी त्याच सीमेवर, गाझीपूर येथे, कृषी कायद्यांविरोधातील आंदोलनाचा तळ पडला आणि तो डिसेंबर २०२१ पर्यंत राहिला. देशाने त्या काळात ट्रॅक्टरला आंदोलनाचे चिन्ह म्हणून पाहिले. पण तळावर उभ्या असलेल्या कित्येक ट्रॅक्टरचे स्वतःचे वयच नियमबाह्य होण्याच्या मार्गावर होते, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

गाझियाबादच्या हवेचा प्रश्न खोटा नाही. आयक्यूएअर या संस्थेच्या २०१९ सालच्या अहवालात हे शहर जगातील सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या यादीत पहिले होते. जुने डिझेल इंजिन काळा धूर ओकते, आणि तो धूर शेतकऱ्याच्याच मुलांच्या छातीत जातो. त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरचे सरसकट समर्थन करणारे लोक आपल्याच घराचा विचार करत नाहीत, असे म्हटले पाहिजे.

प्रश्न आहे तो मोजपट्टीचा. कृषी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ट्रॅक्टरचे आयुष्य दहा वर्षे किंवा दहा हजार तास धरलेले असते, म्हणजे वर्षाला एक हजार तास काम गृहीत असते. लहान शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वर्षातून पाचशे-सहाशे तास चालला तरी पुष्कळ. दहा वर्षे पूर्ण होतात तेव्हा त्याचे यंत्र म्हणून अर्धे आयुष्य शिल्लक असते; कर्जाचे हप्ते नुकतेच फिटलेले असतात. खरी बचत यापुढच्या वर्षांतच व्हायची असते. नेमक्या त्याच क्षणी कायदा त्याला भंगार ठरवतो. भाड्याने वर्षभर राबणारा आणि विटा-वाळू वाहणारा ट्रॅक्टर त्याच दहा वर्षांत दुप्पट-तिप्पट तास चालून प्रत्यक्षात झिजलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघे सारखेच म्हातारे.

भारत स्टेज चारची नवी रेषा येथे आणखी गुंता निर्माण करते. ट्रॅक्टरसाठी उत्सर्जनाची मानके मोटारींहून वेगळी आहेत. त्यांना ट्रेम असे संक्षिप्त नाव आहे. मोटारींना राजधानी क्षेत्रात भारत स्टेज चार २०१० मध्ये लागू झाले. ट्रॅक्टरच्या बाबतीत २०१०-११ मध्ये टप्पा तीन-अ आला. चौथा टप्पा अनेकदा पुढे ढकलला जाऊन १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, आणि तोही केवळ ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरना. देशात सर्वाधिक खपणारे ट्रॅक्टर त्याहून लहान असतात. म्हणजे २०२३ साली विकत घेतलेला ४५ अश्वशक्तीचा कोरा करकरीत ट्रॅक्टरही तिसऱ्या टप्प्यातलाच. मोटारीची रेषा त्याला जशीच्या तशी लावली तर तो जन्मतःच रेषेच्या अलीकडे राहतो. आदेशाचा हेतू निश्चितच तसा नसावा. पण हेतू आणि कागद यांच्यामध्ये परिवहन कार्यालयातील कारकून बसलेला असतो, आणि तो कागद वाचतो.

शेतात चालणारा ट्रॅक्टर कोण अडवणार, असा प्रतिप्रश्न केला जातो. अडवण्याची गरजच पडत नाही. नोंदणीचे नूतनीकरण झाले नाही की विमा अवघड होतो. विमा नसलेल्या ट्रॅक्टरचा रस्त्यावर अपघात झाला तर भरपाई मालकाच्या अंगावर येते आणि ती जमीन विकूनच द्यावी लागते. २०२५ च्या जुलैत जुन्या वाहनांना इंधन न देण्याचा निर्णय दिल्लीत अमलात आला, काही दिवसांतच तो स्थगित झाला, आणि १ नोव्हेंबरपासून दिल्लीसह ज्या पाच शेजारच्या जिल्ह्यांत तो लागू करण्याचे ठरले त्यांत गाझियाबाद होते. ऑगस्टच्या आदेशाने तोही बेत थांबला. ऐन पेरणीच्या दिवसांत पंपावर डिझेल मिळेल की नाही, ही शंका शेतकऱ्याच्या मनात घर करून राहण्यास एवढे पुरेसे आहे.

नकाशावरची सीमा तर विचित्रच आहे. उत्तर प्रदेशातील आठ जिल्हे राजधानी क्षेत्रात मोडतात. त्यांत मेरठ आणि मुजफ्फरनगर आहेत, बिजनौर नाही. हस्तिनापूरच्या खादरमध्ये गंगेच्या अलीकडच्या काठावर जो ट्रॅक्टर अकराव्या वर्षी बाद ठरतो, तोच पलीकडे बिजनौरच्या काठावर पंधरा वर्षे निर्वेध चालतो आणि त्यानंतर नूतनीकरणासही पात्र असतो. परिणामी अलीकडचे ट्रॅक्टर ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन पडत्या भावाने बाहेरच्या जिल्ह्यांत विकले जातात. धूर नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. वारा तर जिल्ह्याची हद्द पाळत नाहीच.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा ट्रॅक्टर त्यामुळे काहीसा स्वस्त झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु तीन-चार एकरांच्या मालकाने दर दहा वर्षांनी नवा ट्रॅक्टर घ्यावा असे अर्थशास्त्र अद्याप कोणी मांडलेले नाही. त्याच्यासमोर भाड्याचा पर्याय आहे. अवजार भाडे केंद्रे सरकारी अनुदानातून उभी राहत आहेत, आणि तेथील यंत्र वर्षाला हजार तास चालले तर दहा वर्षांचे आयुष्य त्याला न्याय्य ठरते. अडचण एवढीच की सर्वांचा वाफसा एकाच आठवड्यात येतो.

पट्टा पुन्हा परततो आहे

या साऱ्या चर्चेत चेनचा ट्रॅक्टर मागे पडला असे वाटेल, पण तो निराळ्या रूपात परत आला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅटरपिलरने पोलादाऐवजी रबरी पट्ट्यांचा शेती ट्रॅक्टर बाजारात आणला. तो रस्त्यावरूनही चालू शकत होता. आज अमेरिका आणि युरोपातील मोठ्या शेतांवर अशी यंत्रे सर्रास दिसतात. भारतातील शेतांच्या आकाराला आणि खिशाला ती परवडणारी नाहीत. पण भात कापणीच्या यंत्रात रबरी पट्टा आपल्याकडेही आला. पूर्व विदर्भात आणि कोकणात, शेतात पाणी साचलेले असताना चाकांचे कापणी यंत्र जेथे रुतते, तेथे पट्ट्यांचे छोटे यंत्र चालते. ते मालमोटारीवरून येते, तासाच्या दराने काम करते आणि पुढच्या गावी जाते. १९५० च्या दशकात सरकारी ट्रॅक्टर तुकडी जशी गावात येऊन जमीन फोडून जाई, त्याचीच ही खासगी आवृत्ती म्हणता येईल.

यातून गाझियाबादच्या प्रश्नाला एक दिशा मिळू शकते. खादरच्या ओल्या जमिनीतील जड कामे, म्हणजे कठीण थर फोडणे, सपाटीकरण आणि कापणी, ही कमी दाबाच्या, सामायिक, भाड्याच्या यंत्रांकडे गेली तर शेतकऱ्याच्या घरच्या ट्रॅक्टरवरचा भार कमी होईल आणि तो कमी तास चालेल. त्या ट्रॅक्टरचे वय कॅलेंडरवर न मोजता तासांच्या मीटरवर आणि धुराच्या तपासणीवर मोजावे. मीटर फिरवून आकडा कमी करता येतो, हा आक्षेप रास्त आहे. धुराची तपासणी मात्र फिरवता येत नाही, निदान प्रामाणिकपणे केली तर नाही. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टरची तपासणी करू शकणारी केंद्रे लागतील. केंद्र सरकारने वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रांचे धोरण आखले आहे. त्यात कृषी ट्रॅक्टरसाठी ट्रेम टप्प्यांनुसार स्वतंत्र कसोटी ठरवावी लागेल. ती ठरेपर्यंत मोदीनगरच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली ओढणारा जुना ट्रॅक्टर गाळपाचा हंगाम आला की बाहेर निघेल, आणि त्याचा मालक चौकात पोलीस उभा आहे का, हे आधी पाहील.